ईएनटीला जॉइन होताय? पहिल्या वर्षात काय शिकायचं ते सांगतो

नीट पीजीचं काउन्सेलिंग सुरू झालं की ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज येतात, दादा ईएनटी (कान-नाक-घसा) लागलंय, कसं असतं, काय वाचू. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातनं एमएस केलं, तीन वर्षं, त्यामुळे जे सांगतोय ते सरकारी ओपीडीच्या गर्दीतलं आहे. पहिल्या सहा महिन्यांत ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवा, आधी बघायला शिका. आपल्या ब्रांचमध्ये सगळं अंधाऱ्या भोकांत असतं, उजेड नीट पडला नाही तर समोर असलेला आजारसुद्धा दिसत नाही.

आता एलईडी हेडलाइट सगळीकडे मिळतात, पण हेड मिररवर, म्हणजे कपाळाला बांधायच्या भोकाच्या गोल आरशावर, हात बसवाच. पेशंटच्या डाव्या खांद्यामागे दिवा, आरशाचं भोक आपल्या उजव्या डोळ्यासमोर, दोन्ही डोळे उघडे, आणि साधारण २५ सेंटिमीटरवर उजेड एका ठिपक्यात गोळा होतो. पहिले आठ दिवस माझा उजेड पेशंटच्या कॉलरवर नाहीतर भिंतीवर पडायचा, मग मी रात्री होस्टेलवर टेबल लॅम्प लावून रूममेटचा घसा बघत बसायचो, रोज अर्धा तास, तेव्हा कुठे महिन्याभरात मान आपोआप वळायला लागली. स्वरयंत्र आरशाने बघणंही असंच. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने दाताचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल बघितली, आपण अजूनही तेच तत्त्व वापरतो. स्पिरिटच्या दिव्यावर आरसा गरम करायचा म्हणजे वाफ धरत नाही, मग तो आपल्या हाताच्या पाठीवर टेकवून बघायचा, फार गरम नाही ना, आणि मगच तोंडात. गॉजमध्ये जीभ धरून "मावशी, ईऽऽ म्हणा, लांबवा" असं म्हटलं की तंतू जवळ येताना दिसतात. पहिल्यांदा दिसले तो दिवस मला आठवतो.

पेशंटची भाषा शिका. "कान फुटलाय" म्हणजे बहुतेक वेळा कान वाहतोय, "दडे बसलेत" म्हणजे ऐकू कमी येतंय किंवा बंद वाटतंय, "घोळणा फुटला" म्हणजे नाकातनं रक्त. कान वाहत असेल तर किती वाहतो, चिकट आहे का, आणि वास येतो का हे विचाराच. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी आली होती, वर्गात तिच्या बाकावर कुणी बसत नाही म्हणून आईने आणलं, कानाच्या त्रासाबद्दल तिने स्वतः एक शब्द काढला नाही. स्राव थोडाच होता पण घाण वास. सक्शनने कान पूर्ण कोरडा केल्यावर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरे पापुद्रे दिसले, कोलेस्टिॲटोमा. हा हाड खातो, चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो, थेंबांनी बरा होत नाही, मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशनच लागतं. त्यामुळे पू साफ न करता नुसते थेंब लिहून देण्याची सवय स्वतःला लागू देऊ नका.

आता माझी चूक. पहिल्या वर्षाचा दुसरा महिना, पावसाळा, ओपीडीत बुरशीचे कान रांगेने, ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा काढून काढून हात दुखलेले (घरोघरी कानात तेल घालतात, ते प्लीज थांबवायला सांगा). त्यात एक एसटी ड्रायव्हर काका आले, दोन दिवसांपूर्वी सकाळी उठले तर उजव्या कानात दडे. मी बघितलं तर मळ होता, मळ मऊ करायचे थेंब दिले, पाच दिवसांनी या म्हटलं. ड्युटीमुळे ते तीन आठवड्यांनी आले. मळ निघाला, ऐकू काही येईना. सिनिअरने ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आपटला की घुमणारा धातूचा चिमटा) वाजवून कपाळावर ठेवला, आवाज डाव्या, म्हणजे चांगल्या कानात. नुसता मळ असता तर आवाज उजव्या, बंद कानात गेला असता. ऐकण्याची नस गेली होती, अचानक आलेला बहिरेपणा, ज्यात स्टेरॉइड जितक्या लवकर तितकं बरं आणि पहिले दोन आठवडे फार मोलाचे. उपचार केले, थोडंच परत आलं. अर्ध्या मिनिटाची तपासणी मी केली नव्हती आणि त्याची किंमत काकांनी मोजली. तेव्हापासून दडे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर मी फोर्क ठेवतो, रांग कितीही असो.

रात्रीच्या कॉलला घाबरू नका पण काही गोष्टी पाठच असू द्या. घोळणा फुटलेल्याला नातेवाईक मान मागे करून कांदा हुंगवत आणतात, त्याला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग, हाड नव्हे, घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. किशोरवयीन मुलगा, वारंवार रक्त आणि नाकात गाठ असेल तर ओपीडीत तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा नाही, रक्त आवरणार नाही. कानात हरभरा असेल तर पाणी मारू नका, फुगतो. जिवंत किडा असेल तर आधी तेलाने मारा, मग काढा. आणि नाकात किंवा अन्ननलिकेत बटन सेल असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, काही तासांत तो आतलं जाळतो, एक्सरेत नाण्यासारखा दिसला तरी कडेला दुहेरी रेघ आहे का बघा, असेल तर तो सेल.

तोंड प्रत्येकाचं उघडून बघा, कानासाठी आलेल्याचंही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी मावा, खर्रा खाणारे रोज येतात, तोंड इतकं कमी उघडतं की तीन बोटं आत जात नाहीत. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर अजून एक अँटिबायोटिक न देता स्वरतंतू बघा. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी असेल तर नाकाच्या मागे दुर्बीण घाला, तिथे गाठ लपलेली असू शकते. २०२१ मध्ये म्युकरच्या (कोविडनंतरच्या बुरशीच्या आजाराच्या) वेळी आम्ही हेच शिकलो, गाल बधिर आहे, दात हलतोय असं शुगरवाला पेशंट म्हणाला की त्याच दिवशी नाकात दुर्बीण, काळं पडलेलं दिसलं की थांबायचं नाही.

जॉइन व्हायच्या आधी स्वतःचा हेड मिरर आणि ५१२ चा फोर्क घ्या, नाव कोरून घ्या, हरवतात. आणि पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून ठेवा, सक्शनची बारीक टोकं कुठे असतात, फॉरेन बॉडीचा ट्रे कुठे, ट्रॅकिओस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेला भोक पाडायचा) सेट कुठल्या कपाटात आणि रात्री त्याची किल्ली कुणाकडे असते.