विद्यार्थी सवलतीत लॅपटॉप: आयकार्ड, बोनाफाईड आणि सोयाबीनची पट्टी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील आमच्या घरात पहिला संगणक आला तो २०१२ साली, माझ्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. दुसरा आला दहा वर्षांनी, धाकट्या भावाला प्रवेश मिळाल्यावर. पहिला घेताना विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर असतो हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळी ते ठाऊक होते, पण त्याचे नियम ठाऊक नव्हते, आणि या अर्धवट माहितीनेच आम्हाला अधिक मनस्ताप दिला. आता दरवर्षी जून उजाडला की गावाकडून आणि नात्यातून फोन येऊ लागतात: ताई, स्टुडंट ऑफरमध्ये कोणता लॅपटॉप घेऊ? कोणता घ्यावा हे अभ्यासक्रमावर आणि खिशावर अवलंबून आहे. ऑफर घ्यावी की नाही आणि घेताना कोणते कागद हाती असावेत, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकते.

सवलत मुळात कोण देते हे आधी समजून घ्यावे लागते, कारण नियम त्यावर ठरतात. ॲपल, एचपी, लेनोवो, सॅमसंग यांसारख्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग ठेवतात आणि तेथे विद्यार्थी असल्याचा पुरावा घेऊनच कमी दर दाखवतात. ॲपलच्या भारतातील ऑनलाइन दुकानात ही पडताळणी युनिडेज या सेवेमार्फत होते. महाविद्यालयात शिकणारा किंवा नुकताच प्रवेश मिळालेला विद्यार्थी, त्याचे पालक, तसेच शिक्षक व शैक्षणिक संस्थेतील कर्मचारी यांना तेथे तो दर मिळतो. पण लातूरला राहून नीट किंवा जेईईची तयारी करणारा अकरावी-बारावीचा विद्यार्थी स्वतः त्यात बसत नाही, मग क्लासचे आयकार्ड कितीही रुबाबदार असो. दुसरा प्रकार गावातल्या किंवा शहरातल्या विक्रेत्याच्या ‘विद्यार्थी ऑफर’चा. तिच्यामागे कधी खरोखर कंपनीची योजना असते, तर कधी काचेवर चिकटवलेल्या कागदापलीकडे काहीही नसते, आणि ती कोणती आहे हे बिल हाती पडेपर्यंत कळत नाही.

येथे छापील किमतीचा खेळ ध्यानात घ्यावा. खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, पण लॅपटॉप त्या किमतीला क्वचितच विकला जातो. समजा, छापील किंमत ७५,००० रुपये आहे आणि तोच नग बाजारात ५८,००० रुपयांना सहज मिळतो आहे. अशा वेळी ‘विद्यार्थ्यांना २० टक्के सूट’ छापील किमतीवर धरली, तर विद्यार्थ्याला तो ६०,००० रुपयांना पडतो, म्हणजे सवलत घेऊन तो दोन हजार रुपये जास्त मोजतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की, टक्केवारी विचारू नका, हातात पडणारी अंतिम रक्कम विचारा, आणि ती विचारताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक पुढे ठेवा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये रॅम, साठवण आणि पडदा बदलला की मागचे दोन-तीन अक्षर-अंक बदलतात, आणि स्वस्त दिसणारा नग पुष्कळदा त्या शेवटच्या अक्षरांमुळेच स्वस्त असतो. सणासुदीला बँकेच्या कार्डावर मिळणारी सूट कधी कधी विद्यार्थी दरापेक्षा भारी पडते. दोन्ही एकत्र लागू होतात का, हे ऑफरच्या अटींत लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

आता कागदांकडे वळते, कारण आमच्याकडच्या विद्यार्थ्यांची गाडी खरी तेथेच अडते. पडताळणीची सोपी वाट म्हणजे महाविद्यालयाने दिलेला ईमेल. पण मराठवाड्यातील बऱ्याच संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो मिळत नाही, किंवा मिळाला तरी दिवाळीनंतर मिळतो. मग कागद अपलोड करण्याची वेळ येते. त्या कागदावर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, संस्थेचे नाव आणि चालू शैक्षणिक वर्ष या तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. भावाच्या आयकार्डावर नाव छापलेले होते, महाविद्यालय छापलेले होते, पण वर्षाच्या जागी लिपिकाने निळ्या बॉलपेनने ‘२२-२३’ असे लिहिले होते आणि त्यावर जांभळा शिक्का असा बसला होता की दोन्ही आकडे तीनासारखे दिसत होते. तो कागद परत आला. दुसऱ्यांदा त्याने बोनाफाईड जोडले. त्यावर गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव होते, आणि त्याने खाते उघडताना तोच क्रम धरून पहिल्या रकान्यात आडनाव भरले होते, तर बाकी सगळीकडे त्याचे नाव आधी होते. तेही परत आले. तिसऱ्यांदा आम्ही खात्यातील नाव दुरुस्त केले, कार्यालयातून संगणकावर टाइप केलेले, तारीख आणि शैक्षणिक वर्ष स्पष्ट लिहिलेले बोनाफाईड घेतले, सोबत त्या वर्षाची फी पावती ठेवली, आणि दिवसाच्या उजेडात चारही कोपरे दिसतील असा फोटो काढला. तेव्हा काम झाले.

बोनाफाईड मागताना ‘लॅपटॉप खरेदीसाठी’ असे कारण लिहायला लाजू नये. कारण न लिहिल्यास कार्यालय सवयीने ‘एस.टी. पाससाठी’ किंवा ‘शिष्यवृत्तीसाठी’ असे लिहून देते, आणि मग तपासणाऱ्याच्या मनात नसती शंका येते. संस्था निवडण्याच्या यादीत आपले महाविद्यालय सापडले नाही, तर ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याचे नाव शोधून पाहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात किंवा नांदेडात असले तरी संलग्नता लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी असू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी त्याच्या नावाची गल्लत करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. आधार कार्ड मात्र मागितल्याशिवाय देऊ नये. ते विद्यार्थी असल्याचा पुरावाच नव्हे. द्यावेच लागले, तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्यावे.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. कंपन्यांच्या ‘बॅक टू स्कूल’ ऑफर साधारण जून ते सप्टेंबर या काळात असतात. आमच्याकडे त्या काळात पैसा शेतात पेरलेला असतो. सोयाबीन निघून मोंढ्यावर जाते आणि आडत्याकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आणि पैसे हाती येतात तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला असतो. त्यातच सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या लांबल्या, तर ऑफर चालू असते तेव्हा आयकार्ड नसते आणि आयकार्ड हाती येते तेव्हा ऑफर गेलेली असते. २०२२ साली नेमके हेच झाले. भावाचा प्रवेश दिवाळीच्या सुमारास पक्का झाला. यावर मला दिसलेले दोन मार्ग असे. जागावाटपाचे पत्र आणि प्रवेश निश्चितीची पावती मिळताच, नव्याने प्रवेश मिळालेल्यांना पात्र धरणाऱ्या कंपनीकडे लगेच पडताळणी करून घ्यावी, आयकार्डाची वाट पाहू नये. ते जमत नसेल, तर विद्यार्थी ऑफर सोडून द्यावी आणि दिवाळीच्या सर्वसाधारण विक्रीत घ्यावा. ऑफरसोबत मिळणाऱ्या भेटवस्तूच्या लोभाने सावकाराचे किंवा आडत्याचे पैसे उचलून जुलैत लॅपटॉप घेतलेली दोन घरे माझ्या माहितीत आहेत, आणि फुकट मिळालेल्या इयरफोनची किंमत त्यांनी व्याजात कित्येक पटींनी मोजली.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा वाजवी खर्च शैक्षणिक कर्जात धरता येतो, हे पुष्कळांना माहीतच नसते. पण बँक त्यासाठी आधी विक्रेत्याचे कोटेशन मागते आणि रक्कम बहुधा थेट त्याच्याच खात्यावर सोडते. कंपनीच्या ऑनलाइन विद्यार्थी विभागात मात्र आधी पैसे आणि मग बिल असा क्रम असतो. त्यामुळे कर्जातून घ्यायचा असेल, तर शहरातील अधिकृत विक्रेत्याकडे जाऊन, कंपनीचा विद्यार्थी दर त्याच्या कोटेशनवर लिहून मिळतो का, हे कर्जाचा अर्ज देण्यापूर्वीच विचारावे.

आमची स्वतःची चूक येथे लपवत नाही. पहिल्या दोन वेळा पडताळणी फसल्यावर मी वैतागून शहरातील एका दुकानदाराला भावाचे आयकार्ड आणि बोनाफाईड व्हॉट्सॲपवर पाठवले. ‘ताई, तुम्ही काळजी करू नका, आम्ही करून घेतो’ असे तो म्हणाला होता. दर पटला नाही म्हणून आम्ही तेथे खरेदी केली नाही. पुढे महिनाभराने, दुसरीकडून घेतलेल्या लॅपटॉपवरची, विद्यार्थी सवलतीतली वाढीव वॉरंटी नोंदवताना संदेश आला की, या विद्यार्थ्याच्या नावावर लाभ आधीच घेतला गेला आहे. आमचे कागद वापरून दुसऱ्या कोणाला तरी नग विकला गेला होता, हे उघड होते, पण सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हते. कंपनीला बिल, अनुक्रमांक आणि नवे बोनाफाईड पाठवून, तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर नोंद दुरुस्त झाली. तेव्हापासून मी कोणालाही कागदाची प्रत देताना तिच्यावर आडवे लिहून देते: ‘फक्त अमुक खरेदीसाठी’, आणि खाली तारीख. पडताळणीचा अर्जही विद्यार्थ्याने स्वतःच्या फोनवरून स्वतःच करावा.

याच घटनेची दुसरी बाजू म्हणजे आपण होऊन आपले आयकार्ड दुसऱ्याला वापरू देणे. हॉस्टेलवर हे सर्रास चालते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पण विद्यार्थी दर वैयक्तिक वापरासाठी असतो, एका शैक्षणिक वर्षात किती नग घेता येतील यावर मर्यादा असते, आणि घेऊन लगेच विकण्यास मनाई असते. कंपनी नंतरही पुरावा मागू शकते, आणि अपात्र ठरल्यास दरातील फरक वसूल करण्याचा किंवा मागणी रद्द करण्याचा अधिकार अटींत राखून ठेवते. मामाच्या सेतू केंद्रासाठी भाच्याच्या आयकार्डावर संगणक घेणे हे या नियमांत बसत नाही, मामा कितीही जवळचा असो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा नियम अधिक कडक आहे आणि तेथेच तो सर्वाधिक मोडला जातो. नकाशे काढण्याचे ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी विनामूल्य मिळतात आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येते. जेटब्रेन्सच्या प्रोग्रामिंगच्या साधनांचा परवानाही तसाच वार्षिक आहे. प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या विद्यार्थी संचात अनेक साधने एकत्र येतात. मायक्रोसॉफ्टची ॲझ्युर ही क्लाउड सेवा विद्यार्थ्यांना क्रेडिट कार्डाशिवाय १०० डॉलरची जमा देते. हे सर्व मिळून लॅपटॉपवरच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि तरी फोन करणाऱ्यांपैकी कोणीही त्याबद्दल विचारत नाही. अट एवढीच की काम शिकण्याचे असावे, कमाईचे नसावे. माझ्या वेळची स्थापत्य शाखेची एक मैत्रीण शेवटच्या वर्षात एका ठेकेदाराला घरांचे नकाशे काढून देत असे. ऑटोकॅडच्या तेव्हाच्या विद्यार्थी आवृत्तीतून प्रिंट काढली की कागदाच्या कडांवर ‘शैक्षणिक उत्पादनातून तयार’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापून येई. तिने त्यातील एक जिना उचलून ठेकेदाराच्या अधिकृत फाइलमध्ये चिकटवला, तर ती ओळ त्या फाइललाही चिकटली आणि ठेकेदाराचे नकाशे त्या ओळीसह छापून आले. पुढच्या आवृत्त्यांत ती ओळ गेली, परवान्याची अट मात्र गेलेली नाही. लॅपटॉपसोबत ‘होम अँड स्टुडंट’ नावाचे ऑफिस आले असेल, तर त्याचाही परवाना व्यावसायिक वापरासाठी नसतो.

बिलाबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५९,००० रुपयांच्या बिलात ५०,००० मूळ किंमत आणि ९,००० कर असतो. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ असे म्हणणारा दुकानदार स्वतःचा कर वाचवतो आणि ग्राहकाची वॉरंटी धोक्यात घालतो, कारण कंपनीच्या नोंदीत वॉरंटी पुष्कळदा नग कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून धावू लागते आणि ती खरेदीच्या तारखेवर आणायला पक्के बिलच लागते. बिलावर विद्यार्थ्याचे किंवा पालकाचे नाव आणि खोक्यावरचा अनुक्रमांक असल्याची खात्री काउंटरवरच करावी. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण तेथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

भावाचे हे शेवटचे सत्र आहे. महाविद्यालयाचा ईमेल बंद झाला की त्यावर उघडलेली खाती आणि त्यात साठवलेल्या फाइली हाताबाहेर जातात, म्हणून गेल्या रविवारी आम्ही त्याचा प्रकल्प, प्रमाणपत्रे आणि नोट्स हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या आणि त्याच्या खात्यांना त्याचा खासगी ईमेल जोडला. ते करताना तो म्हणाला, “ताई, आयकार्ड अजून चालू आहे, तोवर काकांच्या पोरीसाठी एक लॅपटॉप घेऊन ठेवू का?” ती यंदा नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेणार आहे. प्रवेशाची पावती हाती आली की ती स्वतःच्या नावाने पडताळणी करील. बोनाफाईड टाइप केलेले घे, एवढे मी तिला आताच सांगून ठेवले आहे.