बांधकाम कामगारांची युनियन टोळीच्या ताब्यात आहे का, हे कसे ओळखावे आणि ती परत कशी मिळवावी

एखादी कामगार संघटना गुन्हेगारी टोळीच्या ताब्यात जाते तेव्हा कार्यालयावरची पाटी बदलत नाही, वर्गणीच्या पावत्या पूर्वीसारख्याच फाटत राहतात आणि वार्षिक सभाही वेळेवर भरते. बदलते ते एवढेच, की उद्या कोणाला काम मिळणार आणि कोण घरी बसणार हे कोण ठरवतो. ही मार्गदर्शिका त्या एका प्रश्नाभोवती लिहिली आहे. ती सामान्य सभासदासाठी आहे, कारण या लुटीची खरी किंमत त्यालाच मोजावी लागते आणि सुटकेची सुरुवातही बहुधा त्याच्याकडूनच होते. या विषयाचे सर्वांत तपशीलवार दस्तऐवज अमेरिकेतील खटल्यांत आणि चौकशी अहवालांत सापडतात, त्यामुळे येथील कायदे व उदाहरणे मुख्यतः तिथली आहेत; इतरत्र राहणाऱ्याने आपल्या देशातील समांतर तरतूद शोधून घ्यावी.

आधी धंद्याची नस समजून घ्या

टोळीला बांधकामच का हवेसे वाटते, हे समजल्याशिवाय पुढच्या खुणा नजरेत भरणार नाहीत. या व्यवसायात उशीर फार महाग पडतो. सळई बांधून झाली आहे, शटरिंग तयार आहे, पंप जागेवर लागला आहे आणि रस्त्यावर काँक्रीटच्या गाड्या ड्रम फिरवत रांगेत उभ्या आहेत, असा क्षण डोळ्यांसमोर आणा. एकदा मिसळलेले काँक्रीट साधारण दीड तासात ओतावे लागते. त्यानंतर ते हाताबाहेर जाऊ लागते. नेमक्या त्या वेळी युनियनचा एखादा पदाधिकारी येऊन म्हणाला, की आज माणसे वर चढणार नाहीत, तर कंत्राटदारापुढे दोनच वाटा उरतात: माल फेकून द्यायचा किंवा पाकीट पुढे करायचे. कामगारांचे सर्वांत मोठे आणि न्याय्य शस्त्र म्हणजे काम थांबवणे, आणि टोळी नेमके तेच शस्त्र चोरून भाड्याने देऊ लागते.

न्यूयॉर्कमध्ये 1980 च्या दशकात ही व्यवस्था किती पद्धतशीर झाली होती, ते ‘काँक्रीट क्लब’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणातून न्यायालयासमोर आले. जेनोवीझ, गँबिनो, लुकेसी आणि कोलंबो या चार माफिया घराण्यांनी शहरातील काँक्रीटची मोठी कामे ठरावीक कंत्राटदारांत वाटून दिली होती. 20 लाख डॉलरपेक्षा मोठ्या कामासाठी कंत्राटदाराला रकमेच्या 2 टक्के द्यावे लागत आणि कोणती निविदा कोणी जिंकायची हेही आधीच ठरत असे. या वसुलीच्या केंद्रस्थानी राल्फ स्कोपो हा सिमेंट व काँक्रीट कामगारांच्या जिल्हा परिषदेचा (येथे अर्थ एका संघटनेच्या स्थानिक शाखांचे संयुक्त मंडळ, सरकारी जिल्हा परिषद नव्हे) अध्यक्ष होता, म्हणजे ज्यांच्या नावाने धमकी दिली जात होती त्याच कामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी. ‘माफिया कमिशन’ म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या मंडळाविरुद्धच्या खटल्यात नोव्हेंबर 1986 मध्ये तो इतरांसह दोषी ठरला आणि जानेवारी 1987 मध्ये त्याला 100 वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणात कंत्राटदार केवळ बळी नव्हते, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. पैसे देणाऱ्याला स्पर्धेपासून संरक्षण मिळत होते आणि वाढलेला खर्च तो इमारतीच्या मालकाकडून वसूल करत होता. लाच देऊन युनियनचा करार न पाळण्याची मोकळीक मिळवणे हा तर याहून नेहमीचा प्रकार आहे: ठरलेल्या दरापेक्षा कमी मजुरी रोखीने द्यायची, कल्याण निधीत भरणा करायचा नाही, आणि पदाधिकाऱ्याने डोळेझाक करायची. म्हणून टोळीला शोधताना केवळ धमकावलेला कंत्राटदार शोधू नये, खूश असलेला कंत्राटदारही शोधावा.

कामवाटपाच्या यादीपासून सुरुवात करा

कारखान्यातील कामगाराची नोकरी वर्षानुवर्षे एका जागी असते; बांधकाम कामगाराची मात्र दर काही महिन्यांनी संपते आणि पुढचे काम बहुतेक वेळा युनियनच्या कामवाटप केंद्रातूनच मिळते. जो यादी चालवतो तो माणसाच्या चुलीवर हात ठेवून असतो. सभेत बोलण्याची इच्छा असलेला सभासद गप्प बसतो, तो पिस्तुलाच्या भीतीने क्वचितच. पुढचे तीन महिने फोन वाजणार नाही, या भीतीने तो गप्प बसतो. माझ्या मते या संपूर्ण विषयातील हीच मूळ गोष्ट आहे, आणि सुधारणेच्या नावाखाली ज्यांनी फक्त नेते बदलले पण यादीला हात लावला नाही, त्यांच्या वाट्याला अपयश आले ते याचमुळे.

तेव्हा पहिले काम साधे आहे. एक वही करा. यादीत आपले नाव कोणत्या तारखेला आणि कितव्या क्रमांकावर लागले, त्यानंतर कोण कधी कामावर गेले, कोणाचा क्रम ओलांडला गेला, हे तारीखवार लिहून ठेवा. यादी भिंतीवर लावली जाते की खिडकीआडच्या माणसाच्या खणात असते, तेही लिहा. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नका, कारण एखाद्या कामाला विशिष्ट कौशल्य किंवा परवाना लागत असतो. पण सहा महिन्यांच्या नोंदीत तीच आठ-दहा माणसे पुन्हा पुन्हा वर येत असतील, तर ती माणसे कोणाची आहेत हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

साइटवर काय पाहावे

प्रत्येक साइटवर युनियनचा एक प्रतिनिधी असतो, ज्याला अमेरिकेत शॉप स्टुअर्ड म्हणतात. मजुरी, तास आणि सुरक्षितता करारानुसार आहे की नाही हे पाहणे हे त्याचे काम. टोळीच्या ताब्यातील संघटनेत ही जागा बक्षीस म्हणून वाटली जाते. स्टुअर्ड कोण नेमतो, तो दिवसभर साइटवर असतो का, आणि त्याने भरलेल्या साप्ताहिक तक्त्यातील माणसांची संख्या प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी जुळते का, हे पाहा. फरक दोन्ही बाजूंना असू शकतो. तक्त्यावर माणसे जास्त आणि साइटवर कमी असतील, तर न येता पगार घेणारे कोणीतरी आहेत. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑपरेटिंग इंजिनिअर्स, म्हणजे क्रेनसारखी अवजड यंत्रे चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या लोकल 14 आणि लोकल 15 या शाखांशी संबंधित आरोपपत्रांत माफियाच्या जवळच्यांना अशा बसून पगाराच्या नोकऱ्या दिल्याचाच आरोप मुख्य होता. उलट साइटवर माणसे जास्त आणि तक्त्यावर कमी असतील, तर काही जण रोखीवर राबत आहेत आणि त्यांच्या नावे निधीत काहीही जमा होत नाही.

ही दुसरी तफावत पकडणे सभासदाला सर्वांत सोपे जाते. समजा, आपण एका महिन्यात 160 तास काम केले. पगाराच्या चिठ्ठ्या एका बाजूला ठेवा आणि निवृत्तिवेतन किंवा आरोग्य निधीचे विवरण दुसऱ्या बाजूला. विवरणात 96 तासच दिसत असतील, तर 64 तासांचा भरणा कोणाच्या तरी खिशात गेला आहे. एकट्याच्या बाबतीत ती कारकुनी चूक ठरवता येते. एकाच कंत्राटदाराकडे काम केलेल्या पाच जणांच्या विवरणात तोच प्रकार दिसला, तर चूक म्हणणे कठीण जाते.

निधीची गुंतवणूकही डोळ्यांखाली ठेवावी. न्यूयॉर्कमधील मेसन टेंडर्स, म्हणजे गवंड्यांच्या मदतनीसांच्या जिल्हा परिषदेविरुद्ध सरकारने 1994 मध्ये दिवाणी दावा दाखल केला, त्यात निवृत्तिवेतनाच्या पैशाने अवाच्या सवा किमतीत इमारती विकत घेतल्याचा मुद्दा प्रमुख होता. आयुष्यभर विटा-मसाला वाहिलेल्या माणसाच्या म्हातारपणाचा पैसा होता तो, आणि हे वाचताना आजही मन पेटते.

कागद मागण्याचा हक्क वापरा

1959 च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्याने अमेरिकेतील सभासदांना जे हक्क दिले ते अनेकांना ठाऊकच नसतात. सभेत बोलण्याचा आणि नेतृत्वावर टीका करण्याचा हक्क त्यात आहे. स्थानिक शाखेची निवडणूक किमान दर तीन वर्षांनी आणि गुप्त मतदानाने झाली पाहिजे. निवडणुकीची सूचना किमान 15 दिवस आधी टपालाने घरी आली पाहिजे. उमेदवाराला मतदान व मोजणीच्या ठिकाणी आपला निरीक्षक ठेवता येतो. आपल्याला लागू असलेल्या सामूहिक कराराची प्रत मागता येते, आणि ती प्रत हातात असल्याशिवाय करार मोडला जातो आहे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून पहिला अर्ज तिच्यासाठीच करावा.

वार्षिक आर्थिक अहवाल तर मागावाही लागत नाही. अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक वार्षिक जमा असलेल्या संघटनेला एलएम-2 नावाचा तपशीलवार अहवाल कामगार खात्याकडे द्यावा लागतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यात पदाधिकाऱ्यांचे पगार पाहावेत, ते दोन-तीन ठिकाणांहून पगार घेतात का हे पाहावे, कर्जे आणि वकिलांची बिले पाहावीत. एकच वर्ष वाचून फारसे हाती लागत नाही. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की एखादा खर्च कोणत्या वर्षी अचानक फुगला ते दिसते. कंत्राटदाराने युनियनच्या प्रतिनिधीला पैसे देणे 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार मुळातच गुन्हा आहे, देणाऱ्यासाठीही आणि घेणाऱ्यासाठीही.

एकटे जाऊ नका

येथे स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगारी कामगारांचा नेता डाऊ विल्सन याची एप्रिल 1966 मध्ये गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्याच महिन्यात त्याचा सहकारी लॉइड ग्रीन मारला गेला. त्यामागे कामगारांच्या कल्याण निधीतील अफरातफर होती, जी उघडी पडण्याच्या बेतात होती. प्रत्येक ठिकाणी असे घडत नाही. पण धोका नाही असे गृहीत धरून कोणालाही पुढे ढकलू नये.

म्हणून सभेत उठून कोणाचे नाव घेऊन ‘हा टोळीचा माणूस आहे’ असे कधीही म्हणू नका. ते सिद्ध करणे तुमचे काम नाही, आणि त्या एका वाक्याने अब्रूनुकसानीच्या दाव्यापासून मारहाणीपर्यंत सर्व दारे उघडतात. त्याऐवजी विचारा, की यादी भिंतीवर का लावली जात नाही, अमुक साइटचे तास निधीत का दिसत नाहीत, अमुक खर्चाचा ठराव कधी झाला. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, आणि अर्जावर शक्य तितक्या जास्त सह्या घ्या. वीस सह्यांच्या अर्जामागचा एक माणूस निवडून त्याचे काम बंद करणे टोळीलाही अवघड जाते. कागदांच्या प्रती घराबाहेर, विश्वासू व्यक्तीकडे ठेवा. मूळ कागद युनियनच्या कार्यालयातून उचलून आणू नका, कारण त्यामुळे फिर्यादीचाच आरोपी होतो. कामगार कायदा जाणणारा स्वतंत्र वकील गाठा, संघटनेचा वकील नव्हे. त्याचा अशील नेतृत्व असते. धमकी आली तर ती त्याच दिवशी वेळेसह लिहून ठेवा आणि थेट केंद्रीय तपास यंत्रणेकडे किंवा कामगार खात्याच्या महानिरीक्षकांकडे जा. अमेरिकेत युनियनमधील लोकशाहीसाठी काम करणारी ‘असोसिएशन फॉर युनियन डेमॉक्रसी’ ही संस्था 1969 पासून अशा सभासदांच्या पाठीशी उभी राहिली आहे.

निवडणुकीत गैरप्रकार झाला असेल तर आधी संघटनेच्या घटनेतील अपिलाची वाट धरावी लागते; तीन महिन्यांत अंतिम निर्णय मिळाला नाही, किंवा विरुद्ध निर्णय मिळाला, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत कामगार खात्याकडे तक्रार करता येते. ही मुदत चुकली की चांगली तक्रारही वाया जाते.

न्यायालयाने हात घातल्यानंतर

1970 च्या रिको या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने सरकारला गुन्हेगारांना तुरुंगात टाकण्यापलीकडचा एक अधिकार दिला: दिवाणी दावा करून संपूर्ण संघटनाच न्यायालयाच्या देखरेखीखाली आणण्याचा. हा मार्ग प्रथम वापरला गेला तो न्यू जर्सीतील टीमस्टर्स, म्हणजे ट्रकचालकांच्या संघटनेच्या लोकल 560 शाखेबाबत. दावा 1982 मध्ये दाखल झाला, न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी 1986 मध्ये कारभार हाती घेतला आणि देखरेख 1999 मध्ये संपली. एवढा काळ लागू शकतो, हे सभासदांनी सुरुवातीलाच मनाशी धरावे.

न्यूयॉर्कच्या सुतार कामगारांच्या जिल्हा परिषदेचे उदाहरण याहून कडू आहे. सरकारचा दावा 1990 चा, तडजोडीचा न्यायालयीन हुकूम 1994 चा. तरीही परिषदेचा नंतरच्या काळातील प्रमुख मायकल फोर्ड याच्यावर 2009 मध्ये आरोप ठेवले गेले, 2010 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. कंत्राटदारांकडून लाच घेऊन त्यांना रोखीने कमी मजुरी देऊ देणे आणि निधीचा भरणा बुडवू देणे, हाच तो जुना प्रकार. पहारा बसला होता, पण साइटवरचे तास कोण लिहितो आणि स्टुअर्ड कोण होतो, तिथली भोके उघडीच राहिली होती.

म्हणून देखरेखीच्या काळात सभासदांनी नव्या नेत्यांच्या नावांपेक्षा यंत्रणेतील बदल मागावेत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने तर यादीच युनियनच्या हातातून काढून घेतली: 2011 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून कामगारांची शिफारस सरकारी बांधकाम आयोगाच्या नोंदणी सेवेमार्फत होऊ लागली. प्रामाणिक युनियनसाठी हे दुखणारे आहे, कारण कामवाटप ही तिची कमावलेली ताकद असते, आणि मला स्वतःला ती ताकद सभासदांकडेच राहावी असे वाटते. तसे व्हायचे असेल तर यादी रोज सर्वांना दिसली पाहिजे, क्रम ओलांडल्यास कारण लेखी नोंदले गेले पाहिजे, तास त्याच दिवशी नोंदवले जाऊन प्रत्येक कामगाराला आपल्या फोनवर पाहता आले पाहिजेत, आणि स्टुअर्डची नेमणूक ठरलेल्या पात्रतेनुसार, पाळीपाळीने झाली पाहिजे. हे चार बदल न्यायालयापुढील तडजोडीच्या मसुद्यात शब्दशः लिहून घ्या. मसुद्यावर आक्षेप नोंदवण्याची संधी सभासदांना मिळते तेव्हा आपली ती जुनी वही सोबत घेऊन जा.