निर्यातीची केळी लावण्याआधी

ऊस मोडून निर्यातीची केळी लावायची असेल, तर रोपांची ऑर्डर देण्याआधी एक हिशेब मांडा. उसामागे कायदा उभा आहे. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, ठरलेली असते, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला 14 दिवसांत बिल द्यावं लागतं, आणि वर दोन पैसे जास्त मागायला जयसिंगपूरला शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. केळीमागे यातलं काहीच नाही. म्हणून निम्मी तयारी रानात, निम्मी कागदावर.

रान बघताना 2019 आणि 2021 चा महापूर आठवा. पंचगंगेचं पाणी जिथं चढलं तिथं केळी नकोच, कंद कुजतो. जी-9 या केळीच्या जातीची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं पक्कं बिल देणाऱ्या नर्सरीतूनच घ्या. लागणीपासून कटिंगला साधारण 11-12 महिने लागतात. आखातात रमजानला मागणी वाढते आणि रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारीख बघून मागं मोजा.

बाग निसवली, म्हणजे केळफूल बाहेर पडलं, की हात आखडू नका. केळफूल वेळेत मोडा, शेवटच्या बारक्या फण्या काढा, घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) चढवा. पानाच्या घासणीचा काळा डाग इथल्या गाड्यावर खपतो, दुबईच्या बॉक्समध्ये नाही. कटिंगला घड जमिनीला टेकू देऊ नका. खांद्यावरून थेट फोमवर.

कागदावर हे हवंच: भाव कुठल्या दिवसाचा, घडाच्या दांड्यापोटी वजनातली घट किती, वजन कुणाच्या काट्यावर, रिजेक्शनचा माल कुणाचा, पैसे किती दिवसांत. व्यापारी ओळखीचा असला तरी सही घ्या. माल तोडून नेऊन पैसे बुडवल्याच्या तक्रारी या धंद्यात नव्या नाहीत.

जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते, पण निर्यातीत आपला वाटा किरकोळ. पहिला नंबर इक्वेडोरचा. आपली बरीचशी गिऱ्हाइकी इराण, इराक आणि आखातात. तिकडं युद्ध पेटलं, जहाजं अडली, की भाव आपल्या बांधावर पडतो. त्यामुळं सगळं रान एकदम केळीखाली घालू नका आणि स्थानिक व्यापारी तोडू नका.

हा बाजार किती दांडगा आहे बघा: ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट या केळीच्या अमेरिकी कंपनीच्या जमिनीला हात घालणारं निवडून आलेलं सरकार 1954 साली अमेरिकेनं उलथवलं. तिथं एकट्या शेतकऱ्याचं कोण ऐकणार? एका रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला सुमारे 20 टन माल लागतो. एका दिवशी एवढा तयार माल एकट्याकडं क्वचितच निघतो. शेजारच्या बागाईतदारांना गोळा करा, एकाच आठवड्यात लागण धरा आणि भाव सगळ्यांनी मिळून बोला.