ब्रश फिरवायचा तो हिरडीच्या कडेला

दात घासताना बहुतेकांचा जोर समोरच्या सहा-आठ दातांवर असतो. कीड मात्र मागच्या दाढांना लागते, आणि हिरडी सुजते ती दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला. नेमकी तीच जागा राहून जाते.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. 'हार्ड' ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात, हा समज सोडा. पेस्ट फ्लोराइडची हवी, हरभऱ्याएवढी पुरे. जाहिरातीतली लांबलचक पट्टी लागत नाही. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर 45 अंशांत तिरके टेकवा, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर. एका वेळी दोन-तीन दात घेऊन जागच्या जागी दहा-बारा वेळा हलकेच हलवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, शेवटी चावायचा भाग. खालच्या पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा लागतो. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून किटण सगळ्यात आधी तिथे धरतं. हे सगळं नीट केलं तर दोन मिनिटं सहज लागतात. करवतीसारखं आडवं घासलं तर काही वर्षांनी दाताच्या मुळाशी खाच पडते आणि माठातलं पाणीही झोंबायला लागतं.

घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइड दातावर जितकं राहील तितकं चांगलं. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या घरांना हे सोयीचंच आहे.

दिवसातून एकदाच घासणार असाल, तर ती वेळ रात्रीची ठेवा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंना रात्रभर मोकळं रान मिळतं. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. हळद-दूध प्यायचं ते आधी. फटीत अडकलेलं काढायला टाचणी किंवा काडेपेटीतली काडी नको, फ्लॉस किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश वापरा.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त भोवतं. गोडाच्या प्रत्येक घोटानंतर तोंडात साधारण अर्धा तास आम्ल राहतं. टपरीवर दिवसभरात सहा वेळा अर्धा-अर्धा कट चहा घेणाऱ्याच्या दातांना उसंतच मिळत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट तर दाढेच्या खाचेत गच्च बसतं. त्यापेक्षा हुरड्यासोबतचा गूळ एकदाच खाऊन मोकळं झालेलं बरं.

ब्रश करताना रक्त येतं म्हणून घासणं थांबवणं ही उलटी गंगा झाली. तिथे थर साठलाय म्हणूनच रक्त येतं. हलक्या हाताने रोज घासा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दंतवैद्याकडून किटण काढून घ्या. 'दात साफ केले की हलायला लागतात' असं गावोगाव ऐकू येतं. खरं तर दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते नुसते धरून ठेवलेले असतात. शुगर असलेल्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावं, कारण हिरडीचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात.

आता मिश्री. हे मंजन नव्हे, भाजलेला तंबाखू आहे. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं, ती तलफ असते. मिश्री किंवा तंबाखूचा बार जिथे ठेवता तिथली हिरडी खाली सरकते, पांढरा चट्टा येतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या दिसतातच. सुपारीने तोंड उघडायचं कमी होतं: तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा चट्टा अथवा जखम पंधरा दिवसांत भरत नसेल, तर थांबू नका. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या काही भागांसारखं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. दात बनतानाच पडलेले हे डाग घासून जात नाहीत, आणि पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही. पाणी तपासून घ्या. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर प्यायला दुसरं पाणी शोधा. अशा गावांत लहान मुलं पेस्ट गिळत नाहीत ना, याकडे विशेष लक्ष हवं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधीचा कुठलाही दात न पडता ती येत असल्यामुळे 'दुधाचीच असेल, पडेल' म्हणून तिची कीड तशीच राहते. ती कायमची दाढ असते.