घरीच सायकलींचं वर्कशॉप? सोलापुरात तरी या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग अंगावर येते. आमच्या मागच्या अंगणात अशी एक खोली आहे. घरात चार सायकली झाल्या, दर पंधरा दिवसांनी कुणाचं ना कुणाचं पंक्चर, म्हणून वर्कशॉप घरीच थाटायचं ठरलं आणि मी हीच खोली निवडली. जागा रिकामी होती, घरातल्या फरशीवर तेलाचे डाग पडणार नव्हते. पहिल्याच उन्हाळ्यात एकदाच वापरलेली, ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब आतल्या आत वाळून खडा झाली, खिळ्याला टांगलेली सायकलची नवी ट्यूब घडीच्या रेषेवर तडकली आणि जुन्या पंक्चरांची ठिगळं कडेनं सुटायला लागली.

सायकल कशी ठेवावी हे वाचायला घेतलं तर निम्मा मजकूर गंजाबद्दल असतो. कोकणात, मुंबईत ते खरंच आहे. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि हवा कोरडी. इथं सायकलीची वाट लागते ती उन्हानं, काळ्या मातीच्या धुळीनं आणि काट्यांनी. माझ्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे झाल्या.

जागा आधी, पाने नंतर

पत्र्याची खोली, गच्चीवरची शेड आणि पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत, या तिन्ही जागा सोडा. आता आमचं सगळं सामान जिन्याखाली उत्तरेच्या बाजूला आहे. जागा निम्मी झाली, पण तीन उन्हाळ्यांत एकही ट्यूब तडकलेली नाही. सोल्युशन, ठिगळं आणि जादा ट्यूबा झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि तो डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात.

उन्हात हवा वाढून टायर फुटतो असं सगळे म्हणतात. हिशोब केला तर तेवढं घाबरण्याचं कारण नाही. सकाळी २५ अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तरी दाब जेमतेम ७० पीएसआयपर्यंत जातो. धडधाकट टायर तेवढं सहज सोसतो. फुटतात ते कडेचे धागे दिसायला लागलेले टायर आणि ठिगळ अर्धवट उचललेल्या ट्यूबा. म्हणून मार्चमध्येच टायरच्या कडा बोटानं चाचपून बघा. याउलट, कमी हवेची सायकल महिनोन्‌महिने उभी ठेवणं जास्त वाईट. टायर रिमखाली दुमडतो आणि त्याच घडीवर चिरतो. वडिलांच्या जुन्या २८ इंची सायकलीचे दोन्ही टायर मी असेच घालवले.

दुसरी चूक फार घरांत दिसते: इन्व्हर्टरची बॅटरी आणि सायकलचं सामान एकाच कोपऱ्यात. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, सोबत आम्लाचा अंश असतो. शेजारच्या स्पोकवर, नटांवर पांढरी-हिरवी बुरशी चढल्यासारखं होतं. त्याच कोपऱ्यात चेन धुवायला पेट्रोलची बाटली असेल तर विषय गंजापुरता राहत नाही, आगीचा होतो. घरात साफसफाईला पेट्रोल वापरूच नका. डिझेलवर काम भागतं, तेही दार-खिडकी उघडी ठेवून, बॅटरी, शेगडी आणि लहान मुलांपासून लांब.

टांगायचं असेल तर आधी भिंत ओळखा. चार इंची भिंतीच्या गिलाव्यात ठोकलेला खिळा आठवड्याभरात सायकलीसकट खाली येतो. विटेच्या भिंतीत ड्रिलनं भोक पाडून फास्टनर बसवा. माळवदाचं जुनं घर असेल तर मातीच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, हूक तुळईला मारा. हूक बसवल्यावर दोन भरलेल्या बादल्या रात्रभर टांगून ठेवा. सकाळी हूक जागचा हलला नसेल तरच सायकल चढवा. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर ती सायकल उलटी किंवा उभी टांगण्याऐवजी चाकांवरच ठेवा. नाहीतर ब्रेकच्या नळीत हवा शिरून लिव्हर मऊ पडू शकतो.

रिपेअर स्टँड विकत घ्यायची घाई करू नका. झोपाळ्याच्या कड्या असतीलच ना घरात? एका कडीचा दोर सीटखाली, दुसऱ्या कडीचा हँडलच्या दांड्याला बांधा. पायडल छातीच्या उंचीवर येतं, चाकं मोकळी फिरतात, कंबर दुखत नाही. आम्ही पाच वर्षं याच कड्यांवर काम करतोय. फक्त चाक फिरवताना लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका. चेन आणि दात्यांमध्ये बोट सापडायला क्षणही लागत नाही.

पंक्चर: भोक कुठं आहे ते आधी बघा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सोलापुरात सायकल म्हणजे निम्मं काम पंक्चरचं. मोकळ्या प्लॉटांमध्ये पावसाळा संपला की सराटे वाळतात, रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतातच. जुळे सोलापूर असो की विजापूर रोड, सायकल जरा डांबर सोडून खाली उतरली की दोन-तीन सराटे टायरला चिकटून येतात.

सुरुवातीला मी पंक्चर काढायचे, हवा भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा बसलेलं. तीन वेळा असं झाल्यावर चाक घेऊन आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्या मामांकडे गेले. त्यांनी ट्यूबला हातही लावला नाही. टायरच्या आतून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काटा तसाच हाय की ओ ताई. ठिगळ काय करंल?"

काट्याचं टोक टायरच्या आत अर्धा मिलिमीटरच डोकावत असतं. डोळ्याला दिसत नाही, आणि बोट फिरवलं तर बोटालाच लागतं. यावर आपल्या गावचाच उपाय आहे: जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा. टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे बारीक फासे असतात. तो तुकडा टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. जिथं काटा असेल तिथं फासा अडकतो आणि टॉवेल हातातून ओढल्यासारखा थांबतो. तिथं बाहेरून खडूची खूण करा, आतून चिमट्यानं काटा काढा, पुन्हा टॉवेल फिरवा. एका चाकात मला सहा काटे सापडलेत.

पंक्चर कशामुळे झालं हे भोकाची जागाच सांगते. ट्यूबच्या बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली पट्टी, सरकलेली किंवा उन्हानं विरलेली आहे आणि स्पोकचं टोक टोचतंय. ते टोक कानशीनं घासा, टेप बदला. शेजारी शेजारी दोन भोकं, सापाच्या दातांसारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात टायर रिमवर आपटला. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर पडली असेल तर ठिगळ टिकणार नाही, ट्यूब बदला. कमी हवेवर चालवल्यानं टायर-ट्यूब रिमवर सरकतात आणि व्हॉल्व्ह तिथं ओढला जातो. आणि भोक कुठंच सापडत नसेल, पाण्यात बुडबुडाही नसेल, तर साध्या सायकलीत व्हॉल्व्हची रबरी नळी बघा. उन्हात ती चिकट होते किंवा चिरते. दोन-चार नळ्या डब्यात कायम असू द्या.

ठिगळ लावताना घाई करणं ही सगळ्यात मोठी चूक. पॉलिश पेपरनं ट्यूब घासून काळी चकाकी घालवा. सोल्युशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. चकाकी गेली, बोटाला चिकटत नाही, मगच ठिगळ दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ त्या दिवशी धरतं आणि पहिल्या कडक उन्हात सुटतं. आणि हे काम पंख्याखाली करू नका. त्या पाच मिनिटांत आपल्याकडची धूळ सोल्युशनवर बसते.

टायर चढवताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. काढलेल्या पंक्चराशेजारीच नवं भोक पडलं तर समजा, ते त्यानंच पाडलंय. शेवटचा भाग अंगठ्यांनी चढतो. त्यासाठी टायरची कड समोरच्या बाजूनं रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं.

चेनला तेल कोणतं आणि किती

गॅरेजमधून बाटलीभर जळकं ऑइल आणून चेनला ओतणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्या काळ्या ऑइलमध्ये इंजिनाची काजळी आणि धातूची बारीक कीस असते. वर आपली धूळ बसली की चेनवर पॉलिश पेपर गुंडाळल्यासारखंच होतं. ग्रीस त्याहून वाईट. खोबरेल किंवा खायचं तेल काही दिवसांत चिकट होतं.

सायकलचं चेन ल्यूब मिळालं तर उत्तम. नाहीतर शिलाई मशीनचं तेल घ्या, गावभर शिलाईची कामं चालतात, कुठंही मिळतं. ते पातळ असल्यामुळे लवकर उडतं, आठवड्याला परत द्यावं लागतं. पण धूळही कमी धरतं. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्यानं चेन बाहेरून पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ ओढण्यापलीकडे काही करत नाही.

चेन बदलायची वेळ झाली का, हे साध्या पट्टीनं कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला. एक सूत गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही झिजलेत. आता नुसती नवी चेन टाकली तर ती दात्यांवरून उड्या मारेल. साध्या सायकलीत मास्टर लिंकची (चेन जोडणाऱ्या कडीची) क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पुढे जाते त्या दिशेला हवं. उलटी बसवली तर एक दिवस चालत्या रस्त्यात निसटते.

धुण्याबद्दल: पाइपनं पाणी मारू नका. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग रिमवर बसतात, जोराचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ते परवडतही नाही. अर्धी बादली आणि दोन फडकी पुरतात.

उलटे आटे आणि चुकीचे नंबर

डावं पायडल निघेना म्हणून मी पान्यात लोखंडी पाइप घालून सगळं वजन टाकलं होतं. ते निघालं नाही, क्रँकचे (पायडल बसतं त्या दांड्याचे) आटे मात्र सोलवटले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: पाना पायडलच्या वर उभा धरा. मागच्या चाकाकडे ओढला की सैल, पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट, दोन्ही बाजूंना. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार फेरे हातानंच फिरवा. बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस बसतो तिथं) उजव्या बाजूच्या कपाचे आटेही उलटे असतात. तिथं जोर लावण्याआधी दोनदा विचार करा.

टायर आणताना दुकानात नुसतं "छब्बीसचा द्या" म्हणू नका. शाळेतल्या मुलींच्या सायकलीचा २६ बाय १ ३/८ आणि गिअरच्या सायकलीचा २६ बाय १.९५, दोन्ही २६चेच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला दुसरा आकडा असतो: पहिल्यावर ३७-५९०, दुसऱ्यावर ५० किंवा त्याच्या आसपासचा आकडा आणि पुढे ५५९. डॅशनंतरचा आकडा जुळला पाहिजे. वडिलांच्या जुन्या २८ बाय १ १/२ ला तो ६३५ आहे. हवा किती भरायची तेही तिथंच लिहिलेलं असतं.

हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडाल तेव्हा खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा. शहाबादी फरशीवर पडलेला छर्रा थेट कपाटाखाली जातो. मागच्या हबला सहसा पाव इंची, म्हणजे दोन सुती छर्रे, पुढच्याला दीड सुती. एक हरवला तर जुन्यांत एकच नवा घालू नका, सगळे बदला. नवा किंचित मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. पुसायला यंत्रमागावरचं कॉटन वेस्ट आपल्याकडे स्वस्तात मिळतं, चेन आणि फ्रेमला ते झकास. हबच्या आत मात्र नेऊ नका. त्याचे धागे छर्ऱ्यांभोवती गुंडाळतात आणि हब महिन्याभरात जाम होतो. तिथं धुतलेल्या जुन्या धोतराचं फडकं वापरा.

ब्रेक किंचाळत असेल तर आधी रिम पुसून बघा, धूळच असते बहुतेकदा. नाही थांबलं तर ब्रेक शूचा चकाकणारा थर पॉलिश पेपरनं घासा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कजवळ तेलाचा हातही लावायचा नाही.

रिमचा आऊट, म्हणजे चाकाचं वाकडं फिरणं, काढायचं काम अजून मी मामांकडेच नेते. स्पोकच्या टोकाचं निपल कोणत्या बाजूचं किती फिरवायचं हे त्यांच्या हाताला कळतं. शिकायचं असेल तर जुन्या टाकाऊ रिमवर शिका, रोजच्या चाकावर नको.

खंडेनवमीला पाने, पक्कड, पंप पुजायला बाहेर निघतात, तेव्हाच मी डबाही रिकामा करते. वाळलेलं सोल्युशन टाकून नवं आणते, चारही सायकलींच्या आठही टायरांतून टॉवेल फिरवते, व्हॉल्व्हच्या नळ्या बदलते. दसरा झाला की प्लॉटावरचे सराटे वाळायला लागतात.