दरवाजे नसलेल्या जुन्या ट्रकला टोइंगसाठी साइड मिरर बसवताय? या चुका टाळा

जुन्या ट्रकचे दरवाजे उतरवले की त्यांच्यासोबत आरसेही जातात, कारण बहुतेक गाड्यांत साइड मिरर दरवाज्याच्या पत्र्यावरच बसवलेला असतो. काही गाड्यांना तर दरवाजे मुळातच नव्हते. फोर्ड ब्रॉन्कोचं यू-13 हे रोडस्टर मॉडेल 1966 ते 1968 या काळात विनादरवाज्याचंच मिळत असे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीपही तशीच. मोकळी गाडी एका छोट्या आरशावर आणि मान वळवून निभावून नेता येते. मागे बंद ट्रेलर लागला की मान वळवून दिसतो तो फक्त ट्रेलरचा पत्रा, आणि आतल्या आरशातही तोच. मागच्या रस्त्याची सगळी माहिती तेव्हा दोन बाजूंच्या आरशांतूनच यायची असते, आणि नेमकी तिथेच घाई होते.

बहुतेकांची सुरुवात आरसा निवडण्यापासून होते. आकार आवडला, जुन्या गाडीला शोभेल असं वाटलं, घेऊन टाकला. मग तो हातात धरून गाडीभोवती फिरायचं आणि लावायचा कुठे ते शोधायचं. हा क्रम उलटा हवा. आधी गाडीवर न हलणारी जागा शोधा. मग ट्रेलरच्या रुंदीवरून, आरसा बाहेर धरणारा दांडा किती लांब लागेल ते ठरवा. काच सगळ्यात शेवटी. काच हव्या त्या मापात मिळते; पक्की जागा मात्र गाडीत असेल तिथेच असते.

पट्ट्याने किंवा चिमट्याने लावायच्या तयार टोइंग मिररचंही तेच. त्यातले बहुतेक गाडीच्या मूळ साइड मिररच्या कवचावर चढवण्यासाठी बनवलेले असतात. तुमच्या गाडीवर ते कवचच नाही, त्यामुळे घेण्याआधी ते नक्की कशाला धरतात ते बघा.

रुंदी गाडीची मोजली, ट्रेलरची नाही

विलीज जीपची रुंदी साधारण 157 सेंटीमीटर. तिच्यामागे दोन मीटर रुंद ट्रेलर जोडला तर तो दोन्ही बाजूंना जवळजवळ 21 सेंटीमीटर बाहेर येतो. आरशाच्या काचेचा निदान काही भाग ट्रेलरच्या बाजूच्या रेषेबाहेर असलाच पाहिजे. बाहेरची कड त्या रेषेच्या आत राहिली, तर आरसा कसाही फिरवा, ट्रेलरलगतचा रस्ता दिसणार नाही.

किती फरक पडतो ते बघा. समजा आरशाची बाहेरची कड रेषेपेक्षा फक्त 10 सेंटीमीटर आत आहे आणि ट्रेलरचा पुढचा कोपरा आरशापासून 4 मीटर मागे आहे. नजर त्या कोपऱ्याला घासून तिरकी बाहेर जाते. आरशापासून 20 मीटर मागे ट्रेलरच्या रेषेलगतची 40 सेंटीमीटरची पट्टी दिसत नाही. 40 मीटरवर तीच पट्टी 90 सेंटीमीटरची होते. तेवढ्यात मोटरसायकल स्वारासकट लपते. दहा सेंटीमीटरची कंजुषी इतकी महागात पडते.

मोजायला टेपपेक्षा दोरी बरी. ट्रेलर जोडून गाडी सरळ रेषेत उभी करा. ट्रेलरच्या बाजूला मागच्या कोपऱ्यापासून दोरी टेकवत पुढे आणा आणि तशीच सरळ ताणून ट्रकच्या पुढच्या चाकापर्यंत न्या. ट्रेलरच्या चाकांवरचे मडगार्ड बॉडीबाहेर आलेले असतील तर दोरी त्यांच्या बाहेरून घ्या. आता ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि आरसा जिथे येईल त्या ठिकाणी बॉडीपासून दोरीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. त्या अंतरात काचेची निदान अर्धी रुंदी मिळवा. दांडा तेवढा हवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. जुन्या गाड्यांची बॉडी चॅसिसवर नेमकी मध्यावर असतेच असं नाही.

दांडा वाढवण्यालाही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये टोइंग मिरर ट्रेलरच्या बाजूपासून 250 मिलिमीटरपेक्षा बाहेर चालत नाही. इतर देशांत आकडे वेगळे असतात, पण बंधन असतं. आपल्याकडचा आकडा दांडा कापण्याआधी बघून घ्या.

आरशाची जागा चुकली

रोलबारला, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या लोखंडी कमानीला, पकडीने लावायचे आरसे सगळ्यात सोपे वाटतात. भोक पाडायला नको, वेल्डिंग नको. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत रोलबार ड्रायव्हरच्या पाठीमागे असतो, आणि तिथला आरसा बघायला रस्त्यावरची नजर पूर्ण काढावी लागते. वाहनांच्या आरशांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 46 मध्ये ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सरळ पुढच्या दिशेपासून 55 अंशांच्या आत असावा अशी अट आहे, ती याच कारणासाठी. रोलबारचा पुढचा खांब समोरच्या काचेजवळून जात असेल, तर गोष्ट वेगळी. तो खांब उत्तम आधार देतो.

समोरच्या काचेची फ्रेम ही दुसरी आवडती जागा. काच दुमडणाऱ्या गाड्यांत ही फ्रेम खाली फक्त दोन बिजागऱ्यांवर आणि रबरी पट्टीवर टेकलेली असते. लहान गोल आरशाचं वजन ती पेलते. त्याच फ्रेमवर लांब दांड्याचा टोइंग मिरर चढवला की वाऱ्याच्या दाबाने फ्रेम हलायला लागते आणि तिच्यासोबत आरशातलं चित्रही. शिवाय काच दुमडली की आरसाही बॉनेटवर आडवा. फ्रेमच्या बिजागरीचा जो अर्धा भाग खाली बॉडीवर असतो, तिथे ब्रॅकेट घेतला तर ही अडचण येत नाही.

माझी पहिली पसंती मात्र दरवाज्याच्या बिजागरीला. दरवाजा काढला तरी बिजागरीचा बॉडीकडचा भाग जागेवरच असतो. तिथला पत्रा दरवाज्याचं वजन पेलण्यासाठीच जाड केलेला असतो, आणि जागाही नजरेच्या टप्प्यात, समोर. बोल्ट मूळ जाडीचेच पण लांबीला ब्रॅकेटच्या जाडीइतके जास्त घ्या, ताकदीचा दर्जा मूळ बोल्टइतका किंवा वरचा. ज्या गाड्यांत दरवाजा वर उचलून निघतो, तिथे बिजागरीच्या भोकात पिन सोडून बसणारे आरसे मिळतात. ते सुटसुटीत असतात, पण नुसती पिन वाऱ्याने फिरते. तिला आडवा स्क्रू किंवा खालून लॉकनट नसेल तर टोइंगसाठी ते घेऊ नका.

दरवाजे कधीतरी परत चढवणार असाल तर ब्रॅकेट दरवाज्याच्या फिरण्याच्या वाटेत येत नाही ना, हे आताच तपासा. आणि दांड्याचं टोक चढता-उतरताना गुडघ्याला किंवा कपाळाला लागेल असं ठेवू नका. दरवाजा नसलेल्या गाडीत माणूस वाटेल तिथून उतरतो.

मडगार्डवरचा आरसा जुन्या गाडीला शोभून दिसतो, त्याकडे बघायला मानही फारशी वळवावी लागत नाही. तिथे चूक होते ती सपाट काच लावण्याची. 15 सेंटीमीटर रुंद सपाट काच डोळ्यापासून 60 सेंटीमीटरवर असेल तर 20 मीटर मागचा साधारण 5 मीटर रुंद पट्टा दिसतो. तीच काच मडगार्डवर, दीड मीटरवर नेली की तोच पट्टा दोन मीटरांच्या आसपास येतो. नियम 46 मध्ये कारवर्गाच्या बाहेरच्या आरशासाठी डोळ्यांच्या 20 मीटर मागे 4 मीटर रुंदीचा रस्ता दिसावा असं म्हटलं आहे. म्हणजे मडगार्डवर एक तर बरीच मोठी काच हवी, नाहीतर फुगीर.

फुगीर काचेवर सगळी भिस्त

फुगीर काचेत जास्त रस्ता मावतो, पण सगळं लहान आणि म्हणून दूर असल्यासारखं दिसतं. अमेरिकेत प्रवासी बाजूच्या फुगीर आरशावर, दिसणाऱ्या वस्तू प्रत्यक्षात अधिक जवळ आहेत, अशी सूचना असावी लागते आणि काचेच्या वक्रतेची त्रिज्याही 889 ते 1651 मिलिमीटरमध्ये बांधून दिलेली आहे. मोकळ्या माळावर हळू चालणाऱ्या वाहनांसाठीचे छोटे आरसे पुष्कळदा याहून फुगीर असतात. त्यात मागून येणारी गाडी ठिपक्याएवढी दिसते आणि ट्रेलर घेऊन लेन बदलताना अंदाज चुकतो. ट्रेलरची लांबी तुमच्या मागे आहे, हे विसरून चालत नाही.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला दोन्ही बाजूंना मोठी सपाट काच आणि तिच्या खाली छोटी फुगीर काच, ही जोडी हवी. सपाट काच अंतरासाठी, फुगीर काच ट्रेलरच्या चाकाजवळ काय आहे ते बघण्यासाठी. रिव्हर्स घेताना याची खरी किंमत कळते.

आरसा थरथरतो: दोष नेमका कुठे?

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही इथेच. आरसा थरथरला की लोक आरसाच बदलतात. थांबा, आधी शोधा. इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा आणि दांडा बॉडीला जिथे जोडलाय तिथे मुळाशी बोटांनी घट्ट धरा. चित्र स्थिर झालं तर दोष तळाच्या जागेत. नाही झालं तर हात दांड्याच्या टोकाशी न्या. तिथे धरल्यावर थांबलं तर दांडा वाकतोय. तिथेही थांबलं नाही आणि काचेच्या कडेला बोट टेकवल्यावरच थांबलं, तर आरशामागचा गोळ्याचा जोड ढिला आहे.

तळाच्या दोषाला पत्र्याच्या आतून मोठी लोखंडी पट्टी द्या, जेणेकरून बोल्टचा ताण तळहाताएवढ्या भागात पसरेल. नुसते मोठे वॉशर पातळ मडगार्डला पुरत नाहीत. खाचखळग्यावरच हलणारा आरसा बहुतेक वेळा याच कारणाने हलतो: पत्रा आत-बाहेर होत असतो.

दांड्याच्या दोषाला जाड दांडा हे अर्धंच उत्तर आहे. दांड्याची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच भाराने त्याचं टोक आठपट झुकतं. त्यामुळे टोइंगसाठी लांबवलेला एकेरी दांडा थरथरणारच. त्याला दुसरा पाय द्या: बिजागरीच्या वरच्या आणि खालच्या बोल्टपासून निघून आरशाजवळ एकत्र येणारे दोन दांडे, म्हणजे त्रिकोण. मोठ्या ट्रकचे उभे आरसे वर-खाली दोन्हीकडे धरलेले असतात ते उगीच नाही. तिसरा आधार पुढच्या बाजूने देता आला तर उत्तमच.

फक्त इंजिन एकसुरी मंद चालताना थरथर येते आणि गाडी पळायला लागली की जाते, तर इंजिनाचं कंपन आणि दांड्याचं स्वतःचं कंपन जुळतंय. इंजिनाचे रबरी माउंट तपासा, मग दांडा थोडा आखूड करून बघा. उलट, वेग वाढल्यावरच थरथर येत असेल तर ती वाऱ्याची. जोड आवळा आणि आरशाची पाठ सपाट असेल तर गोलाकार पाठीचा आरसा बघा.

भोक पाडायची घाई

शक्यतो पाडूच नका, जुने बोल्ट वापरा. पाडावंच लागलं तर कडांना प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय ब्रॅकेट बसवू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. जुन्या लँड रोव्हरच्या बॉडीचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. त्यावर उघडा लोखंडी ब्रॅकेट थेट टेकला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबर किंवा नायलॉनचा थर द्या.

आरसे मोकळ्या गाडीवर जुळवले

ट्रेलर जोडला की ट्रकची मागची बाजू बसते आणि नाक वर येतं. गाडीला पक्के असलेले आरसे त्यासोबत मागे, खाली बघायला लागतात. एक अंशाचा फरक 30 मीटर मागे अर्ध्या मीटरहून जास्त होतो, आणि स्प्रिंगच्या जुन्या मऊ पाट्यांवर गाडी एक अंश सहज बसते. म्हणून जुळवणी ट्रेलर भरून, जोडून, सपाट जमिनीवर करा. काचेच्या आतल्या कडेला ट्रेलरची बाजू अगदी बारीक पट्टीएवढी दिसावी, क्षितिज सपाट काचेच्या मध्यापेक्षा थोडं वर यावं. मग कुणाला तरी ट्रेलरच्या मागून हळूहळू पुढे चालत यायला सांगा, दोन्ही बाजूंनी. माणूस सपाट काचेतून निघून फुगीर काचेत येईपर्यंत मध्ये कुठेही पूर्ण नाहीसा होता कामा नये.

प्रवासी बाजूचा आरसा सीटवरून हाताला लागत नाही. तो जुळवताना एकाने ड्रायव्हरच्या जागी बसायचं, दुसऱ्याने फिरवायचा, आणि आवळल्यावर पुन्हा बघायचं. शेवटच्या आवळण्यात काच हमखास हलते. मग प्रत्येक जोडावर, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या भागावरून एकच सलग बारीक रेघ रंगाने मारा. ट्रेलर सोडल्यावर दांडे आत वळवता येतात आणि पुढच्या वेळी रेघ जुळवली की आरसा जागेवर. पहिल्या थोड्या अंतरानंतर थांबून सगळे बोल्ट एकदा आवळा, रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तिथला लॉकनट बदला.