होडीवर फिश फाइंडर बसवताना

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हाच हे काम उरका. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, इंजिनाच्याच बॅटरीला जोडू नका. सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं आणि नेमका गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर, पडदा काळा होतो. माझा झाला होता. त्याला वेगळी 12 व्होल्टची छोटी बॅटरी द्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत.

खरी मेख ट्रान्सड्यूसरमध्ये, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणाऱ्या भागात आहे. इंजिनाच्या पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) लावलात तर बुडबुड्यांमुळे तळ दिसतच नाही, नुसता पाऊस पडल्यासारखा पडदा. मागच्या फळीवर, पंख्यापासून शक्य तेवढा लांब, तळाच्या रेषेच्या किंचित खाली बसवा. फायबरला थेट भोकं पाडू नका. भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड कापून तो एकदाच सीलंट भरून पक्का करा. पुढे जागा हलवायची तर स्क्रू त्या बोर्डातच फिरतात. हा बोर्ड म्हापशाच्या बाजारात मिळतो, 'मरीन' म्हणून विकलेल्या तुकड्याला उगाच जास्त पैसे कशाला? आपल्या उथळ पाण्याला 200 किलोहर्ट्झची ध्वनिलहर पुरते.

वायर मात्र कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. जोडांवर थोडं व्हॅसलीन.

जीपीएसवर साठवलेला गेल्या वर्षीचा मार्ग पावसाळ्यानंतर पुसून टाका. वाळू सरकलेली असते. पहिली फेरी भरतीलाच, हळू.